साक्षीला शेवट हवाच का?

मराठी ख्रिस्ती माणसाला बायपोलर विकार जडला, तर त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगण्यासाठी आज आपल्याकडे दोनच साचे आहेत आणि ते दोन्ही खोटे आहेत, असे आमचे म्हणणे आहे. पहिला साचा मंडळीचा: अंधारात होतो, प्रार्थना झाली, उजेडात आलो. दुसरा साचा साहित्यव्यवहाराचा: प्रतिभावंत होता, म्हणूनच वेडा होता. पहिल्यात आजाराचा शेवट चमत्काराने होतो, दुसऱ्यात तो बहुधा मृत्यूने होतो. जो माणूस बरा होतो, पुन्हा आजारी पडतो, पुन्हा उठतो, गोळ्या घेतो, रविवारी उपासनेला जातो आणि सोमवारी कामावर जातो, त्याला या दोन्ही गोष्टींत जागा नाही. प्रश्न केवळ कथनशास्त्राचा असता, तर आम्ही तो परिसंवादासाठी राखून ठेवला असता. पण ज्याला स्वतःची गोष्ट सांगायला आकार मिळत नाही, तो ती सांगायचे थांबवतो. या आजारात असे गप्प होणे जिवावर बेतू शकते.

आम्ही श्रीरामपूर परिसरात मराठी शिकवणारे काही प्राध्यापक आहोत. आमच्यातले काही ख्रिस्ती घरांत वाढले, काही नाहीत. पण या भागात राहून ख्रिस्ती जीवनाशी परिचय नसणे शक्य नाही. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते, तेव्हा सगळ्या धर्मांची माणसे नवस बोलायला आणि फेडायला तिथे जातात. श्रीरामपुरात रुग्णालयाला नाव आहे ते संत लूकचे. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे आणि 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचा. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास हा बराचसा आमच्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. हा जिल्हा आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. गेल्या काही वर्षांत आमच्या वर्गांतून गेलेल्या ज्या मुलामुलींना हा विकार झाला, त्यांच्याशी आम्ही जे बोललो, त्यातून हा लेख निघाला आहे. त्यांची ओळख पटेल असे काहीही आम्ही येथे लिहिणार नाही.

प्रथम आजाराविषयी, कारण या शब्दाचा अलीकडे फार सैल वापर होऊ लागला आहे. सकाळी हसणाऱ्या आणि संध्याकाळी रुसणाऱ्या माणसाला 'बायपोलर' म्हणणे हे अज्ञान आहे. या विकारात उन्मादाचे आणि अवसादाचे दीर्घ कालखंड येतात, दिवसांचे, आठवड्यांचे, कधी महिन्यांचे. उन्मादात झोपेची गरजच उरत नाही, बोलणे आवरत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्यावर एखादी मोठी कामगिरी सोपवली आहे अशी खात्री वाटू लागते. अवसादात तोच माणूस अंथरुणातून उठू शकत नाही आणि आपण जगण्याला नालायक आहोत, याची त्याला तितकीच खात्री वाटते. मधल्या काळात तो तुमच्याआमच्यासारखा असतो. आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून या आजाराला आवर घालणारी औषधे आहेत. पण ती बहुतेकांना दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर घ्यावी लागतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, या विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

आता साक्षीकडे येऊ. साक्ष हा मराठी ख्रिस्ती समाजातला सर्वांत जिवंत मौखिक वाङ्मयप्रकार आहे, असे आम्ही मानतो. अभ्यासक्रमात तो नाही, वाङ्मयेतिहासात त्याला प्रकरण नाही, पण आमच्या तालुक्यातल्या घराघरांत तो रचला जातो. त्याची घडण पक्की असते. आधीचे जीवन, मग संकट, मग प्रार्थना, मग सुटका, शेवटी स्तुती. ज्याने दारू सोडली त्याला ही घडण शोभते. ज्याची मुलगी तापातून वाचली त्यालाही शोभते. बायपोलर विकाराच्या माणसाला मात्र ती फसवते, कारण त्याच्या आयुष्याची घडण वर्तुळाची आहे. अवसादाच्या तळाशी असताना त्याला चंगाई सभेत नेले जाते. तो अवसाद कालांतराने ओसरतो, कारण अवसाद औषधाविनाही पुष्कळदा ओसरतो. कधी तो थेट उन्मादात पालटतो. मग डोळ्यांत तेज, वाणीत ओघ, रात्रभर प्रार्थना करण्याचा उत्साह असे सगळे दिसू लागते आणि नेमक्या त्याच घटकेला त्याला व्यासपीठावर उभे करतात. आजाराचे लक्षण म्हणून जे ओळखायला हवे होते, तेच बरे झाल्याचा पुरावा म्हणून टाळ्या घेते. काही सभांत याच वेळी गोळ्यांची पुडी सोडून देण्याचे आवाहन होते. लिथियम एकाएकी बंद केले की, आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो, ही वैद्यकाने सिद्ध केलेली गोष्ट आहे. ती त्या सभेत कोणी सांगत नाही.

पुढे काय होते? सहा महिन्यांनी तो पुन्हा कोसळतो. दिलेली साक्ष आता त्याच्याविरुद्ध उभी राहते. देवाने बरे केले होते, मग हा पुन्हा आजारी कसा? उत्तरे दोनच उरतात: एक तर त्याचा विश्वास उणा पडला, किंवा दुष्टात्मा परत आला. दोन्ही उत्तरांत दोष रुग्णाकडे जातो, सभेकडे कधीच जात नाही. अवसादात माणूस स्वतःला आधीच अपराधी मानत असतो. त्या अपराधी भावनेवर मंडळी शिक्कामोर्तब करते. आमच्याशी बोललेल्या एका मुलीचे दुःख असे होते की, आजारापेक्षा तिला आपण साक्ष 'मोडली' याची लाज अधिक वाटत होती.

साक्ष इतकी निर्दोष का लागते, याचे उत्तर केवळ धर्मशास्त्रात शोधून मिळणार नाही. ते इतिहासातही आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून हजारो माणसे ख्रिस्ती झाली. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनीही ऐकला. ज्यांच्या श्रद्धेच्या खरेपणावर शतकभर शंका घेतली गेली, त्या समाजाला प्रत्येक साक्ष म्हणजे आपल्या बाजूने दिलेली जबानी वाटते, आणि जबानीत साक्षीदार डळमळून चालत नाही. ही गरज आम्ही समजू शकतो. पण बाहेरच्यांच्या संशयाची किंमत आतल्या आजारी माणसाने भरावी, हे आम्हांला मान्य नाही.

याहून अधिक व्यावहारिक मुद्दा उपवासाचा आणि जागरणाचा आहे. या दोन्ही साधना ख्रिस्ती परंपरेत जुन्या आणि आदरणीय आहेत. परंतु झोप मोडणे हे उन्मादाला निमंत्रण देणाऱ्या सर्वांत परिचित कारणांपैकी एक आहे. रात्रभराच्या प्रार्थनेला लागोपाठ तीन रात्री बसलेला बायपोलर रुग्ण चौथ्या दिवशी स्वतःला संदेष्टा समजू लागला, तर त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. लिथियमचे रक्तातले प्रमाण शरीरातल्या पाण्यावर आणि मिठावर अवलंबून असते. उपवासकाळ येतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आमच्याकडचे ऊन तापू लागते तेव्हा. अशा वेळी पाण्याविना केलेला कडक उपवास लिथियमचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत नेऊ शकतो. हातांना जोराची थरथर, उलट्या, तोल जाणे, भ्रम ही त्याची लक्षणे, आणि भक्तीच्या वातावरणात ती 'आत्म्याचा स्पर्श' म्हणूनही वाचली जाऊ शकतात. म्हणून ज्या पाळकाला किंवा धर्मगुरूला आपल्या मंडळीतल्या अशा माणसाची खरी काळजी आहे, त्याने त्याला आधी झोपायला सांगावे, पाणी प्यायला सांगावे आणि उपवासातून मोकळे करावे. यात श्रद्धेची कोणतीही तडजोड नाही.

शास्त्रच तसे सांगते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. विजयाचा आवेश आणि लगेच मरणाची इच्छा, हा क्रम ध्यानात घ्यावा. त्याच्यापुढे आलेला देवदूत त्याची कानउघाडणी करत नाही, त्याचा विश्वास तपासत नाही. तो भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला लावतो. देवाचा मंद वाणीतला शब्द त्याला ऐकू येतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला सुटकेचे शेवटचे कडवे नाही, आणि ज्यांनी स्तोत्रसंहिता सिद्ध केली त्यांनी ते जोडायचा प्रयत्नही केला नाही. पौलाने आपल्या देहातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, आणि तरीही पौलाला कोणी अल्पविश्वासी म्हटले नाही. तोच पौल आपल्या सोबत्यांत लूकचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून करतो. ज्या शास्त्रात इतक्या अपुऱ्या, इतक्या उघड्या राहिलेल्या गोष्टी आहेत, त्याच्या नावाने बंदिस्त शेवटाची सक्ती करणे हा त्या शास्त्राचा अपमान आहे.

येथवर वाचून आमचे काही पुरोगामी मित्र समाधानाने मान डोलवतील. त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. श्रद्धा सोडा म्हणजे बरे व्हाल, हा त्यांचा उपदेश चंगाई सभेचाच उलटा अवतार आहे. तोही रुग्णाला सांगतो की, दोष तुझ्या विश्वासात आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली रडत, ओरडत, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या, त्या सगळ्यांना उन्मादाचा आजार होता असे म्हणणे हा विचाराचा आळस आहे. भक्तीचा आवेश आणि उन्मादाचा आजार यांत फरक करता येतो. तो झोपेत, पैशाच्या व्यवहारात, कालावधीत, माणसाच्या रोजच्या वागण्यात झालेल्या मोडतोडीत दिसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्याचे तिसरे कलम स्पष्ट सांगते की, समाजातल्या रूढ धार्मिक समजुतींशी कोणी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. कायद्याला जो विवेक साधला, तो विवेकवाद्यांनाही साधावा. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत मेले, त्याचा निषेध आम्हीही करतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला, याचे आम्हांला समाधान आहे. परंतु मारहाण आणि साखळदंड वेगळे, प्रार्थना वेगळी. रात्री गोळी घेऊन मग प्रार्थना करणारा माणूस कोणाचाही गुन्हेगार नाही.

आता साहित्यव्यवहाराचा साचा पाहू. काव्यप्रतिभा आणि वेड यांची सांगड पाश्चात्त्य रोमँटिकांनी लोकप्रिय केली आणि मराठी समीक्षेने ती आनंदाने उचलली. विल्यम कूपर या अठराव्या शतकातल्या इंग्रज कवीचे उदाहरण घ्या. वारंवार येणाऱ्या तीव्र अवसादाचा तो रुग्ण होता. १७६३ साली त्याला डॉ. कॉटन यांच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. जॉन न्यूटनबरोबर त्याने रचलेली स्तोत्रे १७७९ साली प्रसिद्ध झाली आणि ती आजही जगभर गायली जातात. हा भक्तिकवी १७७३ च्या आघातानंतर १८०० साली मरेपर्यंत असे मानत राहिला की, देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे. मंडळीने त्याची गीते ठेवली, माणूस झाकला. समीक्षेने उलट केले: माणसाची व्यथा कवितेची किंमत वाढवणारा अलंकार म्हणून वापरली. त्याला वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मेरी अन्विनचे नाव मात्र दोघांनीही तळटीपेत टाकले.

आपल्याकडे याचा नमुना बालकवी. त्यांच्या उदासीनतेवर किती पाने खर्ची पडली, किती परीक्षांत ती गुणांसाठी विचारली गेली, याची मोजदाद नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांना आलेला मृत्यूही त्या उदासीनतेचा उपसंहार असल्यासारखा वाचला जातो. आम्ही बालकवींवर कोणत्याही निदानाचा शिक्का मारणार नाही. गेलेल्या माणसाला रोगनाम चिकटवणे हा नवा छंद आम्हांला नापसंत आहे. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, हे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले होते आणि ज्या बाईने त्यांना तिथे जेवायला घातले, त्यांच्याशी भांडली, त्यांचे रुसवे काढले, तिने त्यांच्याविषयी जे लिहिले त्यात उदासीनतेचे तत्त्वज्ञान नाही. तिथे एक भुकेला, हट्टी, लोभस तरुण आहे. समीक्षेला खिन्न कवी दिसला. लक्ष्मीबाईंना घरातला मुलगा दिसला.

१९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा आम्हांला हवा असलेला तिसरा आकार आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्याच्या मातीत वाढला आहे. हे पुस्तक सुरू होते ते एका बिघडलेल्या मनापासून. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नात्यातल्या माणसाला फाशी झाली, त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे, मग ती धुण्याजोगी असो वा नसो, आणि त्या धुण्याखाली सगळे घर भरडले गेले. आज याला डॉक्टर काय म्हणतील हा प्रश्न बाजूला ठेवू. लक्ष्मीबाई त्याला पापही म्हणत नाहीत, पुण्यही म्हणत नाहीत. त्या सांगतात, हसतात, घरातल्यांना काय सोसावे लागले ते दाखवतात, आणि बापावरची माया जराही कमी होऊ देत नाहीत.

पुढे टिळकांचेही तसेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा भडकणारा राग, हातातला पैसा वाटून टाकणे, न सांगता घरातून निघून जाणे, लगेच येणारा पश्चात्ताप, या सगळ्याचे चित्रण त्यांनी केले. भक्तांनी या टिळकांना संत केले, विनोदप्रियांनी लहरी केले, आणि उद्या कोणी त्यांना बायपोलर ठरवील. लक्ष्मीबाई यांतले काहीच करत नाहीत. मुख्य म्हणजे, हे ख्रिस्ती झालेल्या बाईचे आत्मचरित्र असूनही त्यात धर्मांतर हा सर्व दुःखांचा पूर्णविराम नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्यानंतरही टिळक रागावतातच, पैसे उरतच नाहीत, संसाराची ओढाताण संपत नाही. श्रद्धा खरी आहे आणि अडचणही खरी आहे. एकीच्या खरेपणासाठी दुसरीला खोटे ठरवण्याची गरज त्यांना पडली नाही. पुस्तकाचे नावच पाहा: स्मृतींची चित्रे. एकामागून एक येणारी, प्रत्येक आपल्या जागी पूर्ण, शेवटाकडे धाव न घेणारी. वर्तुळाकार आयुष्याला याहून योग्य आकार कोणता?

अलीकडचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅथरिन ग्रीन-मॅकराइट या एपिस्कोपल धर्मगुरू आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासक. त्यांना बायपोलर विकार आहे. २००६ साली त्यांनी आपल्या आजारावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या शीर्षकासाठी अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचाच आधार घेतला. औषधे, रुग्णालय आणि प्रार्थना त्या एकाच लेखणीने लिहितात. आपण पूर्ण बरे झालो, असा दावा न करता दिलेली ही साक्ष आहे. असे पुस्तक मराठीत लिहिणारा कोणी उद्या आमच्याच एखाद्या वर्गात बसलेला असेल. त्याला आपण आज काय शिकवतो, यावर ते पुस्तक होणार की नाही, हे ठरेल.

म्हणून आमच्या मागण्या, कोणताही आडपडदा न ठेवता. चंगाई सभा घेणाऱ्यांनी औषध सोडायला सांगू नये आणि मनोविकार असलेल्या माणसाला व्यासपीठावर साक्ष द्यायला उभे करू नये. ज्यांना राहवत नाही त्यांनी किमान दोन वर्षे थांबावे आणि मग त्यालाच विचारावे. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी आपल्या मंडळीत एकदा तरी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे आणि त्याला सुखान्त प्रवचन जोडू नये. डॉक्टरांनी रुग्णाला तो काय मानतो, उपवास करतो का, रात्री जागतो का, हे विचारावे, आणि ते विचारताना हसू नये. साहित्याच्या शिक्षकांनी 'वेडा प्रतिभावंत' ही शिळी कल्पना वर्गातून हद्दपार करावी. ज्याच्या हातात पहिल्यांदाच लिथियमची पुडी आली आहे, असा एक विद्यार्थी ते ऐकत असतो आणि गोळी घेतली तर कविता जाईल, असे त्याला वाटते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे भाषेच्या शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. २०१८ पासून अंमलात असलेल्या त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने प्रौढ व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. पुढे आजार बळावला आणि निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही, तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. साक्षीच्या अगदी समोर ठेवावा असा हा लेखनप्रकार आहे. साक्ष म्हणते, ते संपले. आगाऊ निर्देश म्हणतो, ते पुन्हा येईल, आणि आले तरी मी मीच असेन. माझ्यासाठी अमुक भजन लावा, अमुक पाळकांना बोलवा, पण डॉक्टरांकडे आधी न्या, असे कोणी आपल्या इच्छांत लिहिले, तर ते आम्हांला विश्वासाचेच लेखन वाटेल. हा मजकूर स्वच्छ मराठीत लिहायला मदत करणे, हे आमच्यासारख्यांना सहज जमणारे काम आहे. ज्याला ती मदत हवी असेल, त्याने आमच्यापैकी कोणाकडेही यावे. धर्म विचारला जाणार नाही. आणि ज्याला आज रात्रीच कोणाशी तरी बोलणे भाग आहे, त्याने टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.